मदत हवी आहे: यानमार २जीएम२० या होडीच्या डिझेल इंजिनासाठी कुठलं ऑइल घ्यावं?

शिडाची होडी, मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यातल्या नांगरलेल्या बोयाला बांधलेली). इंजिन दोन सिलिंडरचं, टर्बो नाही, ऑइल साधारण २ लिटर. पुस्तिकेत एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) सीसी किंवा त्याहून वरचा दर्जा लिहिलाय. दुकानात १५डब्ल्यू-४० (दाटपणाचा ग्रेड) मध्ये सीआय-४ प्लस आणि सीके-४ हे दर्जे आहेत.

खरी अडचण वापराची आहे. निघताना आणि परतताना इंजिन जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, तेही कमी लोडवर चालतं. ऑइल नीट तापत नाही, ओलावा आणि न जळलेलं डिझेल त्यातच राहतं, आम्ल तयार होऊन बेअरिंगं खातं. म्हणून टीबीएन (आम्ल मारण्याची क्षमता) जास्त असलेलं सीआय-४ प्लस बरं वाटतं. सीके-४ डीपीएफवाल्या (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर असलेल्या) इंजिनांना चालावं म्हणून कमी राखेचं केलंय, इथे डीपीएफच नाही. महागडं सिंथेटिकही नको; १०० तास भरोत न भरोत, पावसाळ्यात होडी वर काढण्याआधी ऑइल बदलायचंच. (इंजिन गरम करून, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने, तरी तळाला थोडं जुनं उरतंच.)

डिटर्जंट जास्त असल्याने जुनी काजळी सुटून फिल्टर लवकर चोंदतो का? पहिला बदल फिल्टरसकट ५० तासांवरच करावा का? आणि मे महिन्याच्या उकाड्यात सरळ एसएई ४० (एकाच ग्रेडचं ऑइल) वापरणारे कुणी असतील, तर गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर किती राहतं, ते कृपया आकड्यांत सांगा.