बेकारीचे क्लेम कमी, मग माझं घोडं कुठे अडलंय?

एडिसनकर (ऑगस्ट २०२५)
मंडळी, एक शंका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीने नारळ दिला. सतरा वर्षं टेस्टिंगमध्ये काढली. ग्रीनकार्ड आहे, त्यामुळे न्यू जर्सीचा बेकारी भत्ता लगेच सुरू झाला. आठवडा संपला की चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं आणि तेच प्रश्न: काम करू शकत होतात का? उपलब्ध होतात का? शोधलंत का? हो, हो, हो. लेक म्हणते, बाबांचं साप्ताहिक व्रत. एकदा घाईत 'उपलब्ध होतात का'ला 'नाही' दाबलं, तर त्या आठवड्याचे पैसे अडकले. चूक माझीच.

आणि दर गुरुवारी सकाळी साडेआठला लेबर डिपार्टमेंटचा आकडा येतो. नवे क्लेम, म्हणजे भत्त्यासाठीचे अर्ज, सव्वादोन लाखांच्या आसपास. टीव्हीवरचा माणूस खूश. इकडे नोकरीसाठी १४० अर्ज आणि चार इंटरव्ह्यू. कराडहून बाबांचा फोन: "पेपरात तर तिकडं बरं चाललंय म्हणतात, मग तुझंच कसं अडलं? आणि सरकारचं फुकट किती दिवस घेणार?" आता मला सांगा, आकडा खोटा आहे की मीच नालायक?

गुरुवारवाली
दोन्ही नाही. तुम्ही चुकीचा आकडा बघताय. :)

माझी आई सांगलीच्या सिव्हिलमध्ये नर्स होती. ओपीडीत आज किती केसपेपर निघाले हे एक रजिस्टर आणि वॉर्डात किती खाटा भरल्यात हे दुसरं. गुरुवारी टीव्हीवर जो आकडा गाजतो तो केसपेपरचा: शनिवारी संपलेल्या आठवड्यात किती जणांनी पहिल्यांदा अर्ज केला. खाली दुसरी ओळ असते, अजून भत्ता घेत असलेल्यांची, म्हणजे खाटांची. ती आणखी एक आठवडा जुनी असते, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सध्या तिथे साडेएकोणीस लाखांच्या वर लोक आहेत, नोव्हेंबर २०२१ नंतर इतके नव्हते. कंपन्या काढत नाहीयेत फारसं, पण घेतही नाहीयेत. आवक बेताची, जावक त्याहून कमी. तुम्ही त्या खाटांपैकी एका खाटेवर आहात.

एका गुरुवारवर तर अजिबात जाऊ नका. नाताळाच्या हंगामी कामगारांना सोडलं की जानेवारीत कच्चा आकडा उसळतो. न्यू यॉर्कमध्ये शाळांना सुट्टी लागली की स्कूलबसवाल्यांचे क्लेम येतात. ईस्टर पुढेमागे झाला की असे हंगामी चढउतार वजा करण्याचा हिशोब हमखास गडबडतो. मी एक्सेलमध्ये चार आठवड्यांची सरासरी बघते, बाकी सोडून देते. २००९ पासून हे आकडे लिहितेय. त्या मार्चमध्ये आकडा साडेसहा लाखांच्या वर गेला होता, त्यातला एक अर्ज माझा. तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काय बघायचंय? मग मार्च २०२०. ऑक्टोबर १९८२ चा ६ लाख ९५ हजारांचा विक्रम सदतीस वर्षं टिकला होता. एका आठवड्यात ३३ लाख आणि पुढच्याच आठवड्यात ६६ लाख. माझ्या आलेखाची जुनी सगळी रेघ सपाट होऊन तळाला गेली. अजूनही ती फाइल उघडली की स्केल बदलावं लागतं.

एक नीट लक्षात घ्या. खाट दोन कारणांनी रिकामी होते: नोकरी लागली म्हणून किंवा मुदत संपली म्हणून. न्यू जर्सीत जास्तीत जास्त २६ आठवडे, फ्लोरिडात सध्या १२. मुदत संपली की तुम्ही त्या यादीतून गायब, आणि गुरुवारी ती 'घट' म्हणून वाचली जाते. २००९ नंतर काही राज्यांत सगळं मिळून ९९ आठवड्यांपर्यंत मिळायचं, आता तसं नाही. बेरोजगारीचा दर मात्र यावर निघत नाही. तो महिन्याला सुमारे साठ हजार घरांना विचारून काढतात, त्यात तुम्ही मोजले जाल.

बाबांना म्हणावं, फुकट नाही, विमा आहे. बहुतेक राज्यांत हप्ता फक्त मालक भरतो, पण न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्कात कामगाराच्या पगारातूनही कापतात. जुनी पे-स्लिप काढून बघा.

साठ_दिवस
आम्ही एच-वन-बीवाले (मालकाने काढलेल्या कामाच्या व्हिसावरचे) तर क्लेमच्या कुठल्याच रजिस्टरात नाही. मेमध्ये माझी नोकरी गेली. वकील म्हणाली, भत्त्याची अटच 'काम करायला मोकळा' अशी, आणि तुझा परवाना जुन्या मालकाला बांधलेला, तेव्हा नाद सोड. साठ दिवसांत नवा मालक शोध नाहीतर बॅग भर. त्रेपन्नाव्या दिवशी शार्लटच्या एका छोट्या कंपनीने माझ्या व्हिसाचा अर्ज भरला म्हणून आज हे लिहितोय. आमच्या टीममधून सहा देशी गेले, क्लेम एकाचाच लागला.

एडिसनकर
गुरुवारवाली ताई, पे-स्लिप काढली. खरंच, सतरा वर्षं कापत होते आणि मी त्या ओळीकडे कधी बघितलंच नव्हतं. फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर: "मग ठीक आहे. पण किती दिवस?"

कॅलेंडरवर मोजलं. माझे २६ आठवडे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतात. म्हणजे त्यानंतरच्या एखाद्या गुरुवारी टीव्हीवाल्याच्या आनंदात माझाही वाटा.

साठ_दिवस, अभिनंदन रे. तुझ्या कंपनीत टेस्टिंगचं काही असेल तर मेसेज कर.

आणि एक राहिलंच, या भत्त्यावर टॅक्स आहे का?

गुरुवारवाली
फेडरल (केंद्राचा) आहे, न्यू जर्सीचा नाही. सुरुवातीला १० टक्के कापायला सांगितलं नसेल तर आता सांगा. जानेवारीत १०९९-जी, म्हणजे भत्ता किती मिळाला ते सांगणारा टॅक्सचा फॉर्म, येईल. मी २००९ मध्ये नाही कापले, आणि एप्रिलमध्ये नवऱ्याच्या बोनसमधून भरले. तो अजून काढतो तो विषय.