टायटॅनियम फ्रेम घेतली तर रंग उडायचं थांबेल का?

निळीकड: माझ्या फोनची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम गडद निळी आहे, कव्हर लावत नाही, आणि आता चार्जिंगच्या भोकाभोवती रंग जाऊन आतला चंदेरी धातू दिसायला लागलाय. बाकी सगळीकडे ठीक आहे, फक्त धारेवरच का? पुढचा टायटॅनियमचा घ्यावा म्हणतोय.

मिश्रधातू: तो वरून मारलेला पेंट नाहीये. अ‍ॅल्युमिनियम आम्लात बुडवून वीज सोडली की त्याच्याच अंगावर ऑक्साइडचा थर तयार होतो, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात, हेच अ‍ॅनोडायझिंग. थर कडक असतो पण ठिसूळ, आणि तो पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे धारदार कडेवर दोन बाजूंचे थर जिथे भेटतात तिथे तो कमजोर राहतो. त्यात चार्जरची पिन रोज तिथेच आपटते. कडा गोलसर असतील तर हा त्रास बराच कमी होतो.

घासपूस: टायटॅनियमने रंगाचा प्रश्न सुटेलच असं नाही. आयफोन १५ प्रो (२०२३) मध्ये ग्रेड ५ होतं, म्हणजे साधारण ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं. स्टीलपेक्षा खूप हलकं आणि मजबूत, मान्य, पण गडद रंग तिथेही वरच्या पातळ कोटिंगचाच, ते घासलं की खालचा धातू दिसणारच. शिवाय टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम या बाबतीत कितीतरी पुढे. १७ प्रो ला २०२५ मध्ये परत अ‍ॅल्युमिनियम आलंच ना!

निळीकड: मग मागची काच तरी टिकते का? ती कडक केलेली असते ना?

मिश्रधातू: हो, काच सुमारे ४०० अंशाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात ठेवतात, सोडियमचे आयन बाहेर, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आत, त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि पडल्यावर तडा सहज पसरत नाही. पण ओरखडा वेगळी गोष्ट आहे, वाळूतलं क्वार्ट्झ मोहस् स्केलवर (कडकपणा मोजायची १ ते १० ची मोजपट्टी) ७, काच त्याच्याखाली, म्हणून खिशात वाळूचा एक कण असला तरी रेघ पडते, किल्लीने सहसा पडत नाही.

घासपूस: रंगाचंच दुःख असेल तर धातूच्या मूळ रंगाच्या जवळचा शेड घे, चंदेरी किंवा नॅचरल, घासलं तरी चटकन डोळ्यात येत नाही. आणि दुकानात चार्जिंगच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघ, धार लागली तर गडद रंग घेऊच नकोस.