मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या आरोग्यावर पीएचडी झाली, पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी) कुठे अर्ज करू?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्यात माझी पीएचडी नुकतीच झाली. विषय होता ऊसतोड कामगारांवर पडणारा उन्हाचा ताण आणि त्यांची मूत्रपिंडं. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या टोळ्यांबरोबर राहून फडातल्या उष्म्याच्या नोंदी घेतल्या, काम सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा घटक) तपासलं. आता हा ताण कमी कसा होईल ते फडातच करून बघायचंय. वय ३४, मुलगी लहान, तिच्या वेळी कामात खंड पडलेला.

आधी अमेरिका धुंडाळली. नायॉश या तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या पैशावर विद्यापीठांत प्रशिक्षण केंद्रं चालतात. त्यांच्या पोस्टडॉकच्या जाहिराती माझ्यासाठीच काढल्यासारख्या वाटतात, पण खाली बारीक अक्षरात अट: नागरिक किंवा ग्रीनकार्डवालेच. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या टी-३२ या प्रशिक्षण अनुदानाचीही तीच गत. मग आपल्याला तिथे वाट आहे की नाही?

इथे अहमदाबादची एनआयओएच (व्यावसायिक आरोग्य), भोपाळची निरेह (पर्यावरणीय आरोग्य), लखनौची आयआयटीआर (विषशास्त्र), नागपूरची नीरी (पर्यावरण) एवढ्या सरकारी संशोधन संस्थांची नावं काढली आहेत. नीरी सोयीची पडेल, पण तिथला भर हवा, पाणी आणि कचऱ्यावर. कामगाराच्या शरीराकडे बघणारा मेंटॉर तिथे मिळेल का? शिवाय एन-पीडीएफला (केंद्र सरकारची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप) ३५ ची वयोमर्यादा आहे म्हणतात, म्हणजे माझ्याकडे हे एकच वर्ष उरलं?

(पोस्टडॉक म्हणजे काय हे सासरी समजावायचा नाद सोडलाय. ‘अजून एक परीक्षा’ म्हटलं की भागतं.)

रानजाई:
ती अट खरी आहे आणि तिला पळवाट नाही. पण ती प्रशिक्षण अनुदानापुरती. प्राध्यापकाच्या स्वतःच्या संशोधन अनुदानातून पगार मिळत असेल तर भारतीय पासपोर्ट चालतो. अशा जागा बहुधा ‘फेलोशिप’ या नावाने येतच नाहीत, म्हणून तुमच्या शोधात दिसल्या नसतील. थेट मेल करायचा. नॉर्थ कॅरोलिनातल्या एनआयईएचएस या एनआयएचच्या पर्यावरण-आरोग्य संस्थेतही परदेशी लोकांना व्हिजिटिंग फेलो म्हणून घेतात, पण फडात उतरणारं काम तिथे फारसं नाही.

एक मात्र सांगते. २०२५ च्या एप्रिलमध्ये नायॉशच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा गेल्या होत्या. नंतर चित्र बदललं, तरी या क्षेत्रातल्या लोकांचा जीव अजून भांड्यात पडलेला नाही. मेंटॉरला पहिल्याच बोलण्यात विचारा, अनुदान कुठल्या महिन्यात संपतंय. यात लाजण्यासारखं काही नाही, मुलीला घेऊन जाणार आहात तुम्ही.

घाटमाथा:
ताई, तुमच्या विषयाला अमेरिकेपेक्षा स्वीडन जवळचं आहे. गोथेनबर्ग विद्यापीठातले लोक निकाराग्वा, एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड कामगारांच्या मूत्रपिंडविकारावर ला इस्ला नेटवर्क या कामगार-आरोग्यावरच्या संस्थेबरोबर काम करतात. पाणी, विश्रांती, सावली हा कार्यक्रम तिथे कारखान्यांच्या मदतीने राबवून मोजलाय.

त्यासाठी युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप बघा. नागरिकत्वाची अट नाही, वयाचीही नाही. पीएचडीनंतर संशोधनाची जास्तीत जास्त ८ वर्षं झालेली चालतात आणि बाळंतपणाचा खंड त्यातून वगळतात. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, हे तुम्हाला लागू होत नाही. अर्जाची मुदत बहुतेक सप्टेंबरात संपते आणि अर्ज यजमान संस्थेबरोबरच करावा लागतो, तेव्हा होळीच्या सुमारास पत्रव्यवहार सुरू हवा. अर्ज फारच कमी गुणांवर पडला तर पुढल्या वर्षी त्याच संस्थेबरोबर परत करता येत नाही. घाईत काहीतरी पाठवू नका.

अर्जात मात्र ‘निकाराग्वात झालं तेच महाराष्ट्रात करू’ असं लिहू नका, तिथेच अर्ज पडेल. तिथे तोडणारे मुख्यतः पुरुष. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे टनावर, त्यातून आधी घेतलेली उचल फिटायची. मग दुपारी अर्धा तास सावलीत बसलं तर नुकसान कुणाचं? कारखान्याचं नाही, मुकादमाचं नाही, कोयत्याचं. बायका तर आडोसा नसतो म्हणून पाणीच कमी पितात. तिथे सावली द्यायला कारखाना होता, इथे मध्ये मुकादम आहे आणि कारखाना म्हणतो ही आमची माणसंच नव्हेत. विश्रांतीचा खर्च कोण उचलणार, हाच तुमचा संशोधनप्रश्न आहे असं मला वाटतं. दुसरं, आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि खरं ऊन फेब्रुवारीनंतर. त्याच टोळीची थंडीत आणि उन्हात तुलना करता येते, हे ठळक लिहा.

जुना_गडी:
एन-पीडीएफला महिलांना वयात ५ वर्षांची सवलत आहे. घाबरू नका. पीएचडीचे गाईड मात्र मेंटॉर म्हणून चालत नाहीत.

डीबीटी-वेलकमच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट) इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिपही बघा. ५ वर्षांची असते, सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी शाखा आहे, वय विचारत नाहीत आणि काही काळ परदेशी मेंटॉरकडे घालवता येतो. निवड कडक आहे हे खरं. नीरीसाठी जीव टाकू नका. चेन्नईचं श्री रामचंद्र विद्यापीठ धरा, व्यावसायिक आणि पर्यावरणीय आरोग्यासाठी ते जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र आहे. आंध्रातल्या श्रीकाकुलमच्या उद्दानम भागातल्या मूत्रपिंडविकारावर द जॉर्ज इन्स्टिट्यूट ही आरोग्य संशोधन संस्था काम करते, त्यांनाही लिहा.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. घाटमाथा, मुकादमाचा मुद्दा प्रबंधात शेवटच्या प्रकरणात दोन परिच्छेदांत उरकला होता, आता तोच वर काढते. एक शंका: स्वीडनचा पैसा घेऊन इथले नमुने तपासायचे तर परवानगी कुणाची?

जुना_गडी:
परदेशी निधी किंवा भागीदार आला की संस्थेच्या नीतिमत्ता समितीशिवाय आयसीएमआरकडून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. वेळ खाते. क्रिएटिनिन इथल्याच प्रयोगशाळेत तपासा आणि आकडे पाठवा, नमुने बाहेर न्यायची कटकट वाचेल. प्रस्तावात या मंजुरीसाठी काही महिने राखून ठेवा, नाहीतर कागद येईपर्यंत टोळ्या गावी परतलेल्या असतील.