अविकसित, अल्पविकसित, विकसनशील: नेमका फरक काय?

दोराधागा: बांगलादेशच्या कपडा उद्योगावरचा एक लेख मराठीत आणतेय. संदर्भासाठी मराठी बातम्या चाळल्या, तर एकाच बातमीत तो देश मथळ्यात 'अविकसित', पहिल्या परिच्छेदात 'अल्पविकसित' आणि शेवटी 'विकसनशील'. हे शब्द समानार्थी धरायचे का? आणि देश त्या गटातून वर सरकतो, त्याला काय म्हणायचं?

तळटीप: समानार्थी मुळीच नाहीत. 'अल्पविकसित देश' ही संयुक्त राष्ट्रांची 1971 पासून चालत आलेली ठरावीक यादी आहे. दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षणाची स्थिती आणि आर्थिक वा नैसर्गिक संकटात देश किती कोलमडेल, या तीन निकषांवर दर तीन वर्षांनी तपासणी होते. भूतान डिसेंबर 2023 मध्ये यादीबाहेर पडला. अफगाणिस्तान, म्यानमार अजून आत आहेत.

'विकसनशील'चं तसं नाही. जागतिक व्यापार संघटनेत आपण विकसनशील आहोत हे देश स्वतःच सांगतो! दक्षिण कोरियासारखा देश 2019 पर्यंत तिथे विकसनशील म्हणून बसला होता. मग यापुढच्या वाटाघाटींत त्या नात्याने सवलती मागणार नाही, असं त्याने जाहीर केलं.

आणि अल्पविकसित हा विकसनशील देशांमधलाच पोटगट. त्यामुळे 'बांगलादेश अल्पविकसितचा विकसनशील होणार' हे वाक्य कितीही छापून आलं तरी चूकच. तो आधीपासून विकसनशील आहेच.

ओसरी: गोंधळात भर जागतिक बँकेची. तिची प्रतवारी फक्त दरडोई उत्पन्नावर: अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम, उच्च. बांगलादेश 2015 मध्येच निम्न-मध्यम उत्पन्न गटात गेला, म्हणजे आपण जिथे आहोत तिथेच. तरी संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो अल्पविकसित राहिला. लेखात दोन्ही गोष्टी येत असतील तर कुणाची प्रतवारी ते दर वेळी लिहा, नाहीतर वाचकाला वाटेल लेखिकाच गोंधळलीय.

शब्दवेडा: 'शील'बद्दल थोडं. सहनशील, क्रियाशील यांत तो स्वभाव दाखवतो. त्या हिशेबाने विकसनशील म्हणजे ज्याचा विकास चालूच आहे असा. प्रत्यक्षात ज्या देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं घसरतंय त्यालाही आपण विकसनशीलच म्हणतो. भिडस्त शब्द आहे, दुसरं काय! हिंदीत 'विकासशील', तो हल्ली आपल्या बातम्यांतही घुसलाय. जुन्या पुस्तकांतला 'मागासलेले देश' मात्र नको, आपल्याकडे 'मागास'ला वेगळा कायदेशीर अर्थ आहे.

पाणपोई: वर सरकण्याला 'बढती' म्हणा की सरळ.

तळटीप: बढतीत पगार वाढतो हो, इथे सवलती जातात. युरोपीय संघ अल्पविकसित देशांचा शस्त्रास्त्रं सोडून सगळा माल बिनजकात घेतो. बांगलादेशी शर्ट तिथे स्वस्त पडतो तो त्यामुळेही. बाहेर पडल्यावर ही सोय आणखी तीन वर्षंच. औषधांच्या पेटंटमधली सूटही जाते.

मालदीवचं उदाहरण बघा. 20 डिसेंबर 2004 ला आमसभेने त्याला यादीतून काढण्याचा ठराव केला आणि सहाच दिवसांनी त्सुनामी आली. बाहेर पडणं लांबलं ते थेट जानेवारी 2011 पर्यंत. कोलमडण्याचा निकष का ठेवलाय, ते कळतं.

उलट 2017 मध्ये बाहेर पडलेला इक्वेटोरियल गिनी. तेलाच्या पैशाने दरडोई उत्पन्न प्रचंड, म्हणून नुसत्या उत्पन्नावर बाहेर. आरोग्य-शिक्षणाच्या निकषात तो बसतच नव्हता. याला बढती म्हणवत नाही. 'यादीतून बाहेर पडणे' एवढंच पुरे.

दोराधागा: मग असं लिहिते: 'संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बांगलादेशने बाहेर पडण्यासाठी आमसभेने 2021 मध्ये 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवली.' लांबलंय, पण चालेल ना? 'अविकसित' पूर्ण काढून टाकते.

शब्दवेडा: चालेल. फक्त 'बांगलादेशने बाहेर पडण्यासाठी'ऐवजी 'बांगलादेश बाहेर पडण्यासाठी' करा, 'ने' तिथे खटकतो. 'अविकसित' भूखंडांच्या जाहिरातींना राहू द्या.