मदत हवी आहे: इम्युनोथेरपीसोबत साधं पॅक्लिटॅक्सेल घ्यावं की नॅब-पॅक्लिटॅक्सेल?

नमस्कार. माझ्या मावशीला ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-२ रिसेप्टर नसलेला) स्तनाचा कॅन्सर आहे, फुप्फुसात पसरलाय. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) पॉझिटिव्ह असल्याने डॉक्टरांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि केमो सुचवलंय. केमोत दोन पर्याय आहेत: साधं पॅक्लिटॅक्सेल, किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे तेच औषध अल्ब्युमिनच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेलं.

साधं औषध क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं. त्याची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. माझा जीव त्या स्टिरॉइडपाशीच अडकलाय. ज्या प्रतिकारशक्तीला जागं करायचं, तिलाच ते दाबणार नाही का? शिवाय मावशीला मधुमेह आहे, स्टिरॉइडने साखर वाढेल ही भीती.

अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्याच दुसऱ्या औषधाच्या इम्पॅशन१३० चाचणीत नॅनोकणांसोबत पीडी-एल१ पॉझिटिव्ह रुग्णांना फायदा दिसला. इम्पॅशन१३१ मध्ये साध्या पॅक्लिटॅक्सेलसोबत दिसला नाही. पण पेम्ब्रोलिझुमॅबच्या कीनोट-३५५ मध्ये दोन्ही प्रकार वापरले होते. मग हा फरक खरंच कणांमुळे पडतो का?

इथल्या ऑन्कोलॉजिस्ट मंडळींनी कृपया सांगावं. ज्यांच्या घरी नॅब-पॅक्लिटॅक्सेल घेतलंय त्यांनीही लिहा: हातापायाला मुंग्या, बधिरपणा कितपत आला? मावशीच्या पायांची आत्ताच आग होते, म्हणून विचारतेय. सोमवारी डॉक्टरांना निर्णय कळवायचाय.