मदत हवी आहे: गणपतीत एजीएमची (वार्षिक सर्वसाधारण सभेची) तयारी, हॉल आणि जेवणाचा आकडा

मंडळी, मी पुण्यात एका कंपनीत अ‍ॅडमिनला आहे आणि यंदा एजीएमची सगळी व्यवस्था माझ्याकडे आलीये. 30 सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे आणि 2026 ला गणपती 14 सप्टेंबरला बसतायत, अनंत चतुर्दशी 25 ला, आणि पुण्यातली मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, 27 ला रविवार, म्हणजे खरं तर गणपतीनंतर 28, 29, 30 एवढेच दिवस हातात. नोटीस 21 पूर्ण दिवस आधी जायला लागते, पाठवल्याचा आणि मीटिंगचा दिवस त्यात धरत नाहीत, त्यामुळे हॉल सप्टेंबर उजाडायच्या आत पक्का पाहिजे.

मागच्या वर्षी सहीचं रजिस्टर एकच होतं, रांग पार जिन्यापर्यंत गेली, एक आजोबा अटेंडन्स स्लिप खिशात घडी करून अर्धा तास उभे होते, मला फार वाईट वाटलं. यावेळी दोन टेबलं लावणारे, आडनावाप्रमाणे.

आता विचारायचं हे की शहरात लिफ्टवाला, 80 माणसांचा हॉल कुठे मिळेल? आणि जेवणाचा आकडा केटररला कसा सांगता, ज्येष्ठ सभासद येणार की नाही ते कळवतच नाहीत, फोन करत बसायचं का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.