‘दहा एमएमची प्लेट, दोन बोल्ट, विषय संपला’ म्हणे!

चिंचोळीकर:
परवा सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं, एसीचा कॉम्प्रेसर काढलाय, त्या जागी बेल्टला वाट द्यायला आयडलर पुली (नुसती मोकळी फिरणारी) बसवायचीय, माउंट कसा करू? खाली एका महाभागाचं उत्तर: ‘दहा एमएमची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, दोन बोल्ट, विषय संपला.’ त्यावर धडाधड अंगठे. म्हणून एवढं लांबण लावतोय.

प्लेट जाड म्हणजे माउंट मजबूत, हे आधी डोक्यातून काढा. पुली प्लेटच्या किती पुढे लोंबतेय, म्हणजे ओव्हरहँग किती, ते बघा. बेल्टचा अर्धा वळसा पुलीवर असेल तर पिनवर, म्हणजे पुली ज्यावर फिरते त्या दांड्यावर, बेल्टच्या ताणाच्या दुप्पट ओढ येते. ओढ तेवढीच ठेवून ओव्हरहँग दुप्पट केला तर पिन आठपट वाकते. पिन वाकली की पुली तिरपी, मग बेल्ट चिवचिवणार, पुढे कडेचे धागे सुटणार. त्यापेक्षा आठ एमएमच्या दोन प्लेटा घ्या, मधे पुली, पिनला दोन्हीकडून आधार. इंजिनच्या ब्लॉकवर निदान तीन बोल्ट, आणि तेही एका रेषेत नकोत. प्लेट ब्लॉकला टेकते त्या बसकीवर पावडर कोटिंग तर अजिबात नको. रंग दबतो आणि बोल्टची पकड जाते. वॉशरखाली तांबूस भुकटी दिसली की समजायचं, माउंट हलतोय.

जुना जॉबर:
पुस्तक मिटा साहेब. आमची हयात लूमच्या पुल्या बसवण्यात गेली. अक्कलकोट रोडला जाऊन बघा, एका बाजूच्या पिनवर वडिलांच्या काळापासून पुल्या फिरतायत. कुणी आठपट-सोळापट मोजत बसलं नाही.

चिंचोळीकर:
लूममध्ये धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. इथे इंजिनची क्रँक पुली १५० एमएमची आणि आयडलर ७५ चा असेल तर इंजिन ५,००० वर गेलं की आयडलर १०,००० वर जातो. शिवाय चार सिलिंडरचं इंजिन ३,००० वर सेकंदाला १०० धक्के देतं. त्या ठेक्यात तुमची प्लेट थरथरायला लागली की वेल्डिंगच्या कडेला तडा गेलाच म्हणा.

सातरस्ता:
ते सगळं राहू दे, पण सोलापुरात एसी काढतोच कोण बे? मे महिन्यात स्टेअरिंगला हात लावता येत नाही.

उन्हाळी:
का? आमच्या आधीच्या पिढीने ओला पंचा खिडकीला लावून अख्खा महाराष्ट्र पालथा घातला. गावात पाणी चार-चार दिवसांआड, आणि यांना गाडीत गारवा पाहिजे!

सातरस्ता:
पाण्याचा न् एसीचा काय संबंध ओ? म्हाताऱ्या आईला दुपारी दवाखान्यात न्या पंचा लावून, मग बोला.

उन्हाळी:
संबंध असा, की टाकी भरायला रात्री दोनला उठणाऱ्याला तुमचा गारवा सुचत नाही. आमच्या गल्लीत मोटार लावली तरी नळाला नुसती हवा येते.

सातरस्ता:
मग तीच हवा खा. फुकटची गार असते.

बेअरिंगवाला:
भांडा निवांत. मला सांगा, माउंट पाहिजेच कशाला? क्लचचा कॉम्प्रेसर असेल तर त्या क्लचला वीज देणारा रिले काढा. क्लच लागलाच नाही तर पुली स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी फिरते. आवाज येत असेल तर तेवढं बेअरिंग बदला. नव्या काही गाड्यांत क्लचच नसतो, तिथे हे चालत नाही.

चिंचोळीकर:
मान्य, नाइलाजाने. पण त्या भल्या माणसाने कॉम्प्रेसर भंगारात घालून मग प्रश्न विचारलाय.

जुना जॉबर:
बघा, रिले काढून भागत होतं आणि इथे सेकंदाला शंभर धक्के! तरी एक सांगतो. आमच्या मेहुण्याने असाच एका प्लेटचा जुगाड केला होता. टेंभुर्णीच्या अलीकडे पिन तुटली, बेल्ट गेला. इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप त्याच बेल्टवर. काटा लाल होईपर्यंत पठ्ठ्या गाणी ऐकत चालला होता. हेड गॅस्केट गेलं, गाडी टोचन करून आणली.

चिंचोळीकर:
मग एवढा वेळ माझ्याशी कशाला भांडत होता?

जुना जॉबर:
पिन कच्ची होती म्हणून तुटली. भंगारातल्या सळईची केलेली. नीट पिन असती तर एका प्लेटवरही चालली असती.

चिंचोळीकर:
नीट पिनसुद्धा वाकतेच, तुटत नाही एवढंच. वाकण्याशी पिनचं पोलाद किती कठीण (हार्ड) याचा संबंध नाही. व्यास नाहीतर ओव्हरहँग, दोनच गोष्टी तुमच्या हातात.

जुना जॉबर:
बरं, दोन प्लेटा तर दोन प्लेटा. पण भोकं वेगवेगळी पाडू नका. दोन्ही प्लेटा एकत्र आवळा, एकाच दमात ड्रिल मारा, मग भोक नेमक्या मापाला आणायला रीमर. नाहीतर तुमचा दोन्हीकडचा आधारच पिन तिरपी करेल. हे पुस्तकात असतं का?

चिंचोळीकर:
असतं. पण तुम्ही सांगितल्यावर लोक करतील. एसी-पाणीवाल्यांनो, वेगळा धागा काढा.

सातरस्ता:
काढत नाही. मोटार कोण लावतंय ते आधी सांगायला लावा त्यांना.